दरपत्रकाची शेवटची ओळ

एखाद्या पतसंस्थेच्या किंवा औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याच्या कचेरीत नवे सॉफ्टवेअर घ्यावयाचे ठरले, म्हणजे दोनतीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागविली जातात, संचालकांची किंवा भागीदारांची बैठक बसते, आणि पडद्याची मांडणी, पावतीचा नमुना, व्याजाची आकारणी, जीएसटीची विवरणपत्रे एका कळीसरशी निघतात की नाही, अशा बाबींचा मोठ्या हिरिरीने खल होतो. परंतु दरपत्रकाच्या अगदी तळाशी, अटी व शर्तींच्या किंचित वर, डेटाबेस अमुक आणि सर्व्हर तमुक एवढाच मजकूर असलेली जी एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही. वास्तविक पुढील दहापंधरा वर्षांत त्या कारभाराचे जे काही बरेवाईट व्हावयाचे, त्यातील मोठा अंश त्याच ओळीत ठरलेला असतो. पावतीचा नमुना एका दुपारीत बदलून मिळतो; पण ठेवी, कर्जे आणि जामीनदार यांच्या नोंदी ज्या यंत्रणेत वर्षानुवर्षे साचत गेल्या, ती यंत्रणा बदलण्याचा प्रसंग आला, की कामकाज बंद न ठेवता हे साधावे कसे, या विवंचनेत महिनेच्या महिने निघून जातात.

डेटाबेस म्हणजे माहिती साठविण्याची जागा, असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही; अपुरे मात्र आहे. माहिती साध्या फाइलीतही साठते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आपल्याकडील असंख्य पेढ्यांचा आणि सहकारी संस्थांचा कारभार डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो यांत लिहिलेल्या आज्ञावलींनी चालविला, आणि त्या काळाच्या मानाने उत्तम चालविला. त्या पद्धतीत प्रत्येक कोष्टक ही एक स्वतंत्र फाइल असे, आणि शेजारच्या खोलीतील कारकुनाचा संगणक ती फाइल नेटवर्कवरून उघडून स्वतःच तीत लिहीत असे. मध्ये कोणी कारभारी नव्हता. लिहिता लिहिता वीज गेली, की नोंदीचा अर्धा भाग फाइलीत आणि उरलेला अर्धा हवेत, अशी अवस्था होई, इंडेक्सची फाइल बिघडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक दारात उभे असताना रीइंडेक्स करीत बसण्याची पाळी येई. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे २००७ साली जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत त्याला आधार देणेही थांबविले. तरी तालुक्याच्या गावी एखाद्या कोपऱ्यात तो इमानेइतबारे राबताना अजून दिसतो, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, त्याच्या मालकाला त्याने फारसे पैसे कधी मागितले नाहीत.

खऱ्या अर्थाने ज्याला डेटाबेस सर्व्हर म्हणावयाचे, त्यात ही व्यवस्था मुळापासून निराळी असते. फाइलींना हात लावण्याचा अधिकार एकाच आज्ञावलीला असतो, आणि इतर सर्वांनी, मग तो गल्ल्यावरचा रोखपाल असो की व्यवस्थापक, आपली मागणी तिच्यापुढे मांडावयाची असते. एका खात्यातून दहा हजार रुपये काढून दुसऱ्या खात्यात जमा करावयाचे असले, तर त्या दोन नोंदी मिळून एकच व्यवहार होतो, आणि तो संपूर्ण घडतो किंवा मुळीच घडत नाही. पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोहोचले नाहीत, ही मधली स्थिती कोणाला दिसावयाची नाही, आणि व्यवहार पुरा झाला असे एकदा सांगितल्यावर पुढच्या क्षणी वीज गेली तरी तो पुसला जावयाचा नाही, अशी हमी ही आज्ञावली देते. या कल्पनेला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाचे नाव अग्रगण्य आहे. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळाले ते याच कामाबद्दल.

ही हमी पाळली कशी जाते, हे जुन्या वळणाच्या मुनिमाला समजावून सांगावे लागत नाही. आलेला व्यवहार तो आधी घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरवितो, आणि खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन घालण्याचे काम सवडीने करतो; खतावणीचे पान फाटले तरी कीर्द शाबूत असेल, तर ती पुन्हा लिहून काढता येते. डेटाबेसही तेच करतो. प्रत्येक बदल प्रथम एका सलग नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरतो, तो डिस्कवर पक्का झाल्याची खात्री झाल्यावरच ‘व्यवहार पूर्ण’ असा जबाब मिळतो, आणि कोष्टकांच्या मूळ फाइली मागाहून दुरुस्त होतात. वीज जाऊन आली, की सर्व्हर सर्वप्रथम हीच नोंदवही वाचतो, पुऱ्या झालेल्या व्यवहारांची खतावणी करतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो.

या सर्व इमारतीचा भार ‘डिस्कवर पक्का झाला’ या एका उत्तरावर असतो, आणि ते उत्तर नेहमीच खरे असते असे नाही. पोस्टग्रेसक्यूएल या नामांकित डेटाबेसच्या कर्त्या मंडळींना २०१८ साली असे आढळून आले की, लिनक्सला मजकूर डिस्कवर उतरविण्यास सांगितले असता त्याने एकदा असमर्थता कळविली, तर तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर येणारे होकारार्थी उत्तर विश्वासार्ह नसते. कारण उतरू न शकलेला मजकूर उतरलाच, असे समजून तो मोकळा झालेला असतो. सुमारे वीस वर्षे ही मंडळी दुसऱ्या उत्तरावर विसंबून होती. २०१९ च्या फेब्रुवारीतील दुरुस्तीनंतर असा नकार येताच पोस्टग्रेस पुन्हा विचारीत नाही. तो स्वतःला बंद करतो आणि नोंदवहीवरून सारे नव्याने उभे करतो. स्वस्त डिस्कच्या बाबतीतही असाच धोका संभवतो, आणि म्हणूनच सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये, वीज गेल्यावर हातातला मजकूर लिहून होण्यापुरती शक्ती साठविणारे धारित्र बसविलेले असते. ‘सर्व्हर’ अशी चिठ्ठी लावलेल्या घरगुती संगणकात ते नसते, आणि दरपत्रकातील दोन आकड्यांमध्ये जी तफावत दिसते, तिचे एक कारण येथे आहे.

माहिती कोष्टकांत ठेवावी आणि ती कोठे, कशी साठविली आहे याची मागणाऱ्याला दखलही असू नये, हा विचार आज इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणाला तरी सुचावा लागला होता, हे खरे वाटत नाही. १९७० साली एडगर कॉड या, इंग्लंडात जन्मलेल्या आणि आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गणितज्ञाने तो एका निबंधात मांडला. तत्पूर्वीची यंत्रणा, आणि तीत अपोलो मोहिमेच्या निमित्ताने उभी राहिलेली आयबीएमचीच आयएमएस ही प्रमुख होती, वंशावळीसारखी रचलेली असे, आणि एखादी नोंद शोधावयाची तर तिच्यापर्यंत जाणारी वाट आज्ञावलीलाच माहीत असावी लागे. आयबीएमचे आयएमएसवर बरे चालले असल्यामुळे कॉडच्या विचाराला घरातूनच पाठबळ मिळण्यास विलंब लागला. दरम्यान त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी रचलेल्या एसक्यूएल या भाषेविषयीचे प्रसिद्ध निबंध वाचून लॅरी एलिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ऑरॅकल बाजारात आणला. त्याची पहिली आवृत्ती कधी निघालीच नाही. पहिली आवृत्ती कोण विकत घेणार, या व्यापारी शहाणपणाने त्यांनी आरंभच दुसरीपासून केला.

आता खर्चाकडे वळू. ऑरॅकलच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीचा जाहीर दर कित्येक वर्षे एका प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर असा राहिला, आणि त्यावर दरसाल २२ टक्के आधारशुल्क, म्हणजे १०,४५० डॉलर. पाच वर्षांत हे शुल्कच मूळ किमतीच्या पुढे जाते. मोठ्या बँका आणि दूरसंचार कंपन्या हे मोजतात, आणि त्यांच्या कामाचा व्याप पाहता त्यात गैर काही नाही. मध्यम व्यापाऱ्याच्या दारात ऑरॅकल क्वचित येतो. तेथे येतो तो मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, आणि तोही पुष्कळदा त्याच्या विनामूल्य अशा एक्स्प्रेस आवृत्तीच्या रूपाने. ही आवृत्ती फुकट आहे यात छद्म काही नाही, पण तिला कुंपण आहे: २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसचा आकार १० गिगाबाइटांच्या वर जाऊ शकत नाही, स्मृतीचा वापर सुमारे दीड गिगाबाइटाच्या आत राहतो, आणि प्रोसेसरच्या चारांपेक्षा अधिक कोअर उपयोगात येत नाहीत. हिशेबाच्या नुसत्या आकड्यांना दहा गिगाबाइट ही जागा विपुल होय. एखाद्या पतसंस्थेला ती वर्षानुवर्षे पुरेल. परंतु खातेदाराचे छायाचित्र, सहीचा नमुना आणि ओळखपत्राची प्रत हेही डेटाबेसमध्येच घालण्याची रीत पडली आहे, आणि दरडोई अर्धा मेगाबाइट धरला तरी वीस हजार सभासदांचे एवढे कागद त्या दहा गिगाबाइटांना पुरून उरतात. मर्यादा भरली, की पूर्वसूचना न देता नव्या नोंदी नाकारल्या जातात, आणि हे बहुधा मार्चअखेरच्या गर्दीत घडते, कारण नोंदी तेव्हाच सर्वाधिक पडतात. मग सशुल्क आवृत्ती घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही, तिचा दर प्रोसेसरच्या कोअरवर किंवा वापरणाऱ्यांच्या संख्येवर आकारला जातो, आणि विंडोज सर्व्हरच्या वापरपरवान्यांची मोजदाद त्याखेरीज असते. छायाचित्रे वेगळ्या फोल्डरात ठेवून डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता नोंदविला असता, तर हा खर्च टळला असता. पण हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याने पहिल्याच महिन्यात कोणाला न विचारता घेतलेला असतो.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांच्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. स्वीडनमध्ये १९९५ साली निघालेल्या मायएसक्यूएलचे नाव त्याचा एक जनक मायकेल विडेनियस याच्या ‘माय’ नावाच्या कन्येवरून पडले. पुढे ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, आणि २०१० साली सनच ऑरॅकलच्या पदरात पडली. म्हणजे ऑरॅकलचा खर्च नको म्हणून ज्याची कास धरली, त्याची मालकी ऑरॅकलकडेच गेली. ही शक्यता आधीच हेरून विडेनियसने मूळ आज्ञावलीची दुसरी शाखा काढली होती, आणि तिला धाकट्या मुलीचे नाव दिले, मारियाडीबी. पोस्टग्रेसची जन्मकथा निराळी आहे. बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकाने १९८६ च्या सुमारास तो आरंभिला, विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकविली, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल हे नाव रूढ झाले, आणि त्याला कोणी एक धनीच नसल्यामुळे विकला जाण्याचे भय उरले नाही. त्याच्या विकासात मोठा वाटा असलेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय पुण्यातही आहे, आणि तेथील अभियंत्यांचा हात या आज्ञावलीला लागलेला आहे.

माझे मत विचाराल, तर आज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या व्यापारी सॉफ्टवेअरसाठी, विशेष कारण नसेल तर, पोस्टग्रेस निवडावा. पण ‘विशेष कारण’ हे शब्द येथे भारदस्तपणासाठी घातलेले नाहीत. तुमच्या गावात रात्री नऊ वाजता हाक मारल्यावर येणारा जो मनुष्य आहे, त्याला एसक्यूएल सर्व्हर उत्तम येत असेल आणि पोस्टग्रेस केवळ ऐकून माहीत असेल, तर ते कारण पुरेसे आहे. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली, की तिची जुनी प्रत काही काळ तशीच राहते, आणि ती झाडून काढण्याची व्यवस्था नीट चालू आहे ना, हे पाहणारा कोणीतरी लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये, मूळ मांडणी तशीच ठेवली तर, नोंद वाचणारा आणि तीच नोंद लिहिणारा एकमेकांना अडवितात, आणि महिनाअखेरीस व्यवस्थापकाने मोठा अहवाल काढावयास घेतला म्हणजे बाहेर गल्ल्यावरील पावत्या अडकून पडतात. हा दोष घालविणारी कळ त्यात आहे, २००५ पासून आहे; ती दाबावयाची असते हे ठाऊक असणारा मनुष्य मात्र हवा. उबर या प्रवासी वाहतुकीच्या कंपनीने आरंभी मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर स्थलांतर केले, आणि काही वर्षांनी, २०१६ साली, आपण पोस्टग्रेसवरून पुन्हा मायएसक्यूएलकडे का वळलो, याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. दोन्ही वेळी त्यांच्यापाशी कारणे होती. दोन्ही डेटाबेस त्यानंतरही सुखेनैव चालले आहेत.

मराठी कारभाराला यात एक खास अडचण आहे, आणि तिची वाच्यता परदेशी पुस्तकांत होत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाचा स्तंभ साध्या अक्षरप्रकाराचा ठेवला, अथवा स्तंभ युनिकोडचा असूनही आज्ञेत मजकुरापूर्वी ‘एन’ हे एक अक्षर घालावयाचे राहिले, तर ‘तुकाराम’ असे टंकलिखित केलेले नाव प्रश्नचिन्हांची एक रांग होऊन साठते. आणि एकदा प्रश्नचिन्हे साठली, म्हणजे मूळ अक्षरे कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. जुन्या संस्थांत याहून अवघड प्रकरण असते. तेथील नावे युनिकोडपूर्व काळातील कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत लिहिलेली असतात, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने ती केवळ रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ असते. फॉन्ट आहे तोवर ती पडद्यावर देवनागरी दिसतात, आणि ना त्यांत शोध घेता येतो, ना ती अकारविल्हे लागतात. स्थलांतराच्या वेळी प्रत्येक फॉन्टाचा स्वतंत्र तक्ता करून ती रूपांतरित करावी लागतात, आणि रफार व पहिली वेलांटी यांची जागा हमखास चुकते. युनिकोडमध्येही वर्णक्रमाचा नियम निवडला नाही, तर यंत्र केवळ अक्षरांच्या क्रमांकांवर विसंबते. मग ‘ळ’ हे अक्षर ‘ह’च्या पुढे न येता ‘ल’च्या पाठोपाठ येते, आणि सभासदांच्या यादीत क्षीरसागर हे शेवटी न सापडता ‘क’च्या पानाअखेरीस, खैरनारांच्या आधी, जाऊन बसतात. मतदारयादी करताना यावरून वाद झाले, तर दोष कारकुनाचा मानला जातो.

सर्व्हर कोठे ठेवावा, हा प्रश्न पूर्वी उद्भवत नसे. तो कचेरीतील एका मेजाखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी, असे. आज क्लाऊड म्हणून जी भाड्याची व्यवस्था मिळते, ती दूर परदेशातच असते असा समज कोणी करून घेऊ नये. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात जी केंद्रे उघडली, त्यांतील एक पुण्यास आहे, आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे थाटली. याला कायद्याचीही जोड आहे. कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणे, हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीला त्यांची प्रत दररोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि १ एप्रिल २०२३ पासून, केलेला प्रत्येक फेरफार तारखेनिशी नोंदविणारे आणि ती नोंद बंद पाडता न येणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून केलेला फेरफार नोंदला जातोच; पण डेटाबेसमध्ये थेट शिरून कोणी एखादी रक्कम पालटली, तर त्याचा माग राहतो काय, असे लेखापरीक्षक विचारू लागले आहेत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकाच्या त्या शेवटच्या ओळीतच असते.

भाड्याचे घर की स्वतःचे, याला एकच उत्तर नाही. रुबी ऑन रेल्स ही सुप्रसिद्ध प्रणाली जिच्यातून निघाली, त्या ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ या एका वर्षात क्लाऊडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च केले, मग सुमारे सहा लाख डॉलरांचे सर्व्हर खरेदी करून आपला बहुतेक कारभार तेथून हलविला, आणि त्यात फायदा झाल्याचे सांगितले. पण तिच्यापाशी ती यंत्रे सांभाळणारी जाणकार माणसे आधीपासून होती. सात शाखांच्या पतसंस्थेत असा एकही मनुष्य नसेल, तर महिन्याचे भाडे म्हणजे त्या माणसाच्या पगाराचा एक तुकडा समजावा. उलट पक्षी कोकणातील एखाद्या शाखेत पावसाळ्यात केबल तुटून दोनदोन दिवस इंटरनेट नसते, तेथे सर्व भिस्त क्लाऊडवर ठेवणाऱ्याने त्या दोन दिवसांत भरणा कसा घ्यावयाचा, याची तजवीज आधी सांगितली पाहिजे. आणि घरच्या सर्व्हरवर दूरवरून काम करता यावे, म्हणून पुरवठादाराने आपल्या सोयीसाठी विंडोजचा रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर तो आजच बंद करावयास लावावा. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक ज्या वाटांनी आत येतात, त्यांत ही वाट फार जुनी आहे, आणि बॅकअपची डिस्क त्याच यंत्राला जोडलेली असली तर तीही त्याच कुलपात जाते.

बॅकअपचा विषय निघाला, म्हणजे गिटलॅबची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणे हाच जिचा धंदा, अशा या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मुख्य डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत यांच्यात काही बेबनाव झाला, आणि थकलेल्या एका अभियंत्याने जुळ्या प्रतीचे फोल्डर पुसण्यासाठी दिलेली आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर गेली. क्षणदोन क्षणांत त्याच्या ध्यानी आले. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजची प्रत घेणारी आज्ञावली पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीची आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे ती दररोज निमूटपणे अपयशी ठरत होती. अपयश कळविणाऱ्या ईमेल येत असत, परंतु त्यांवर योग्य ती स्वाक्षरी नसल्याने पत्रपेटीच त्या नाकारीत होती. प्रती ठेवण्याची अॅमेझॉनवरील जागा पाहिली तर रिकामी. आणि डिस्कची चित्रे घेण्याची सोय डेटाबेसच्या यंत्रांना लावलेलीच नव्हती. अखेर, सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी एकाने हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावरून सारे पुन्हा उभे करण्यास अठरा तासांच्या आसपास लागले, आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. हा सर्व प्रकार कंपनीने दडवून न ठेवता त्याच वेळी जगापुढे मांडला, म्हणून तो आपल्याला इतका तपशीलवार ठाऊक आहे. येथे डेटाबेस पोस्टग्रेस होता. तो मायएसक्यूएल असता किंवा ऑरॅकल असता, म्हणून त्या रात्री काही निराळे घडले असते असे नाही.

म्हणून पुरवठादाराला विचारावयाचा पहिला प्रश्न डेटाबेस कोणता, हा नसावा. काल रात्रीची बॅकअपची प्रत घेऊन, तिचा पूर्वी संबंध न आलेल्या दुसऱ्या संगणकावर सर्व काही आमच्यासमोर उभे करून दाखवा, आणि त्यास लागलेला वेळ घड्याळावर मोजा, असे म्हणावे, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. शिल्लक जुळली, कालची अखेरची पावती दिसली, तर अर्ध्याअधिक शंका तेथेच फिटतात. ज्याला हे दोन तासांत साधते त्याने निवडलेला डेटाबेस, नाव कोणतेही असो, बहुतांशी योग्य असतो. आणि जो ‘त्याची गरज पडत नाही, साहेब’ असे उत्तर देतो, त्याने जगातील सर्वोत्तम डेटाबेस निवडला असला, तरी त्याच्याशी करार करू नये.

दुसरा प्रश्न निघून जाण्याचा. आज ना उद्या हा पुरवठादार धंदा बंद करील, किंवा तुम्हीच त्याला कंटाळाल. त्या दिवशी तुमची माहिती तुमच्या हाती कोणत्या रूपाने येईल? पुष्कळ ठिकाणी असे दिसते की, डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड केवळ पुरवठादारापाशी असतो, संस्थेच्या मालकीच्या यंत्रावर संस्थेचीच माहिती असूनही ती उघडण्याचा अधिकार संस्थेला नसतो, आणि व्याजाची आकारणी वगैरे नियम त्या विशिष्ट डेटाबेसच्या खास बोलीत असे गुंफलेले असतात की, दुसऱ्या कोणाला ते उकलू नयेत. तो पासवर्ड संस्थेच्या अध्यक्षांच्या हवाली व्हावा, आणि प्रत्येक कोष्टकात काय आहे, कोणत्या स्तंभाचा अर्थ काय, हे मराठीत किंवा इंग्रजीत सांगणारे टिपण कामाबरोबरच मिळावे, अशी दोन कलमे करारात घालावीत. टिपणाला वेळ लागतो, आणि त्याबद्दल पुरवठादाराने वेगळे पैसे मागितले, तर घासाघीस न करता द्यावेत.